आपण बोलतो, पण समोरच्यापर्यंत पोहोचतं काय?

सांजवेळ

संवादकौशल्यावर वाचायला तोटा नाही. नजरेला नजर द्या, हाताची घडी घालू नका, समोरच्याचं नाव घेऊन बोला, वगैरे वगैरे. हे सगळं वरवरचं आहे. दोन माणसं बोलतात तेव्हा मुळात काय घडतं आणि कुठे फिसकटतं, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा. कामाच्या निमित्ताने बरीच वर्षं लोकांना एकमेकांशी बोलताना जवळून बघतेय, त्यातून माझं एक ठाम मत झालंय. तेच आधी मांडते.

संवादावरच्या बहुतेक पुस्तकांत पहिल्याच धड्यात एक आकृती असते : बोलणारा, संदेश, माध्यम, गोंगाट, ऐकणारा. तिचं मूळ क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या निबंधात आहे. ते बेल लॅब्स या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेत होते आणि सिग्नल कमीत कमी बिघाड होऊन पलीकडे कसा पोहोचेल, हा त्यांचा प्रश्न होता. संदेशाच्या अर्थाशी या प्रश्नाला देणंघेणं नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच लिहून ठेवलंय. पण आकृती उचलणाऱ्यांनी ही अट तिथेच सोडली. मग अर्थ म्हणजे जणू पार्सल, इकडून दिलं की तिकडे जसंच्या तसं मिळतं, अशी समजूत रुजली. "मी सांगितलं होतं की!" हे भांडणातलं पेटंट वाक्य याच समजुतीतून येतं.

माझं म्हणणं असं, की ऐकणारा अर्थ स्वतः तयार करतो. त्याच्याजवळ जी माहिती, जे अनुभव, जी भीती असेल त्यातून. आपले शब्द ही त्याला मिळालेली फक्त खूण. खूण आपल्याला इतकी स्पष्ट वाटते, की तिच्यातून दुसरं काही निघू शकेल हे मनातही येत नाही.

याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण एलिझाबेथ न्यूटन यांचं. स्टॅनफर्डमध्ये १९९० साली पीएचडीसाठी त्यांनी साधासा प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द, वाद्यं सगळं चालू असतं, ऐकणाऱ्याला मात्र नुसतं टकटक. ते सूर डोक्यातून काढून टाकून आपलीच टकटक ऐकणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून, पोहोचलं की नाही याची खातरजमा हा संवादाचाच भाग आहे असं मी मानते. तुम्हाला काय वाटतं?

कुतूहल

उत्तम विषय. यात तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांची भर घालतो. १९६७ च्या व्याख्यानांतून त्यांनी मांडलेलं आणि १९७५ साली छापलेलं सूत्र असं, की बोलणारे दोघे एकमेकांना सहकार्य करताहेत हे आपण गृहीत धरून चालतो. हवं तेवढंच सांगेल, खरं वाटतं तेच सांगेल, विषयाला धरून सांगेल, समजेल असं सांगेल. माणसं हे पाळतातच असं नाही. पण समोरचा पाळतोय असं धरून आपण अर्थ लावतो, आणि खरी गंमत तिथे आहे.

"नवीन आलेला मुलगा कामाला कसा आहे?"
"वेळेवर येतो."

उत्तर देणाऱ्याने त्या मुलाबद्दल एकही वाईट शब्द काढलेला नाही. तरी विचारणाऱ्याला कळायचं ते कळलं. का कळलं? कारण विचारलं होतं कामाबद्दल आणि उत्तर आलं वेळेबद्दल. सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं, हे आपण क्षणात जुळवतो. आणि उद्या विषय निघालाच, तर "मी असं कुठे म्हणालो?" म्हणायला तो मोकळा. न बोललेला अर्थ पोहोचतोही आणि नाकारताही येतो. कार्यालयं आणि कुटुंबं, दोन्हीकडचं अर्धं बोलणं याच वाटेने चालतं.

मोकळीक

धागा आवडला. पण शब्दांना इतकं महत्त्व द्यावं का? संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५ टक्के असतो, असं आमच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं.

टिपणवही

मोकळीक, हा आकडा सगळीकडे फिरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तो आला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतून. दोन्हींत प्रश्न एवढाच होता, की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नावडतो. एका प्रयोगात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत म्हटलेले होते. दुसऱ्यात एकच शब्द तीन सुरांत, आणि सोबत चेहऱ्याचे फोटो. म्हणजे शब्द एक सांगतोय, सूर दुसरं आणि चेहरा तिसरं, अशा वेळी आवडनिवड ओळखताना लोक कशावर जास्त भिस्त ठेवतात, एवढाच त्याचा आवाका. सगळ्या संवादाला हे लागू नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीही सांगितलंय.

पटत नसेल तर अजिबात न येणाऱ्या भाषेतली मुलाखत आवाजासकट बघा. सूर आणि चेहरा मिळून ९३ टक्के अर्थ हाती यायला हवा. माणूस वैतागलाय की खूश आहे एवढं कळेल, कशाबद्दल ते कळणार नाही. प्रशिक्षणात हा आकडा सांगणाऱ्यांनी मूळ प्रयोग एकदा वाचावेत अशी कळकळीची विनंती आहे. कारण तो ऐकून माणसं हातवारे सुधारत बसतात आणि काय सांगायचंय ते कच्चंच राहतं.

अबोली

मी रुग्णालयात परिचारिका आहे. सांजवेळ यांच्या खातरजमेच्या मुद्द्यावर आमच्या कामातलं सांगते.

रुग्णाला घरी सोडताना आम्ही औषधं समजावतो आणि शेवटी विचारतो, "समजलं ना?" या प्रश्नाला उत्तर "हो" हेच येतं. नाही म्हणायचं म्हणजे सगळ्यांसमोर आपण कमी पडलो असं कबूल करायचं. शिवाय मागे रांग, सिस्टर घाईत. म्हणून आम्हाला वेगळं शिकवतात. सांगून झालं की म्हणायचं, "मी नीट सांगितलंय की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार, ते तुमच्या शब्दांत सांगता का?" परीक्षा माझी आहे, त्यांची नाही, हे वाक्यातच असतं.

मग काय काय ऐकायला मिळतं ते बघा. रक्तदाबाची रोजची गोळी. एक आजोबा मघापासून मान डोलावत होते. सांगायला लागले तर म्हणाले, "डोकं दुखलं की एक घ्यायची." त्यांच्या लेखी गोळी दुखण्यावर असते, दुखत नाही त्या दिवशी कशाला घ्यायची? त्यांच्या अनुभवाला धरून ते अगदी बरोबर होतं. "रोज एक" हे त्यांनी ऐकलं होतं, पण "दुखेल त्या रोज" असं जुळवून घेतलं होतं. मग मी मुद्दा बदलला. हा दाब वाढलेला कळत नाही, म्हणूनच रोज घ्यायची, असं सांगितलं आणि पुन्हा त्यांच्याकडून वदवून घेतलं. फार तर एक मिनिट गेलं असेल.

डॉक्टरांच्या बाजूने बघायचं तर १९८४ चा एक अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध आहे. रुग्ण तक्रार सांगू लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलत होते. त्यावर "वेळ नसतो" हे उत्तर ठरलेलं. पण स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये डॉक्टरांनी मध्ये न बोलता ऐकायचं ठरवून मोजलं (२००२ चा अभ्यास), तर रुग्ण सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले. दीड मिनिट! ज्या वेळेची एवढी धास्ती असते तो एवढाच आहे.

धावपट्टी

अबोलीताई, तुम्ही म्हणता ती पद्धत विमान वाहतुकीत सक्तीची आहे. टॉवरने, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षाने, परवानगी दिली की वैमानिकाने ती जशीच्या तशी परत म्हणायची, आणि ती बरोबर म्हटली की नाही हे टॉवरने ऐकायचं. माझं काम याच क्षेत्रातलं, म्हणून २७ मार्च १९७७ बद्दल लिहितो.

स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमानं : एक केएलएम या डच कंपनीचं, दुसरं पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं. केएलएमचं विमान उड्डाणाच्या टोकाला उभं. त्याला उड्डाणानंतरच्या मार्गाची माहिती मिळाली होती, उड्डाणाची परवानगी मिळाली नव्हती. सहवैमानिकाने मार्ग परत म्हणून दाखवला आणि शेवटी जोडलं, "वी आर नाऊ ॲट टेकऑफ." टॉवरला वाटलं, उड्डाणाच्या जागी थांबलेत. प्रत्यक्षात विमान सुटलं होतं. टॉवर म्हणाला, "ओके", आणि क्षणभर थांबून, "थांबा, मी सांगतो." नेमक्या त्याच वेळी पॅन ॲमच्या विमानाने आपण अजून धावपट्टीवरच आहोत असं कळवलं. दोन्ही आवाज एकाच फ्रीक्वेन्सीवर एकमेकांवर आदळले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्वच्छ ऐकू आलं ते फक्त "ओके". दोन्ही विमानांची टक्कर झाली. ५८३ माणसं गेली.

टॉवर आणि वैमानिक, दोघांनी आपापला अर्थ प्रामाणिकपणे लावला होता. त्यानंतर भाषेचे नियम कडक झाले. 'टेकऑफ' हा शब्द आता फक्त परवानगी देताना किंवा रद्द करताना उच्चारतात, एरवी नाही.

उंबरठा

वाचतेय आणि अस्वस्थ होतेय. धावपट्टी, त्याच अपघातातला एक तपशील तुम्ही गाळलात. केएलएमचं विमान वेग घेत असताना त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, की ते पॅन ॲमचं विमान बाहेर पडलेलं नाही का? कॅप्टन ठामपणे म्हणाले, "हो, हो", म्हणजे बाहेर पडलंय. आणि विषय संपला. कॅप्टन कंपनीतले अतिशय ज्येष्ठ वैमानिक होते.

इथे समजण्यात अडचण नव्हती. शंका बरोबर माणसाला, बरोबर वेळी आली होती. तिला जागा मिळाली नाही. म्हणून "दोघांनी खातरजमा करावी" हे मला अपुरं वाटतं. दोघं समान पायरीवर असतील तर ठीक. एरवी अंदाज बांधायचं सगळं ओझं खालच्या पायरीवरच्यावर येतं. साहेब अर्धवट बोलतात आणि हाताखालची पाच माणसं त्याचा अर्थ लावत बसतात. साहेबांना मात्र कुणाचाच चेहरा वाचावा लागत नाही. "म्हणजे नेमकं काय?" हा प्रश्न विचारायची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही.

कुतूहल

उंबरठा, अनुमोदन. जानेवारी १९९० मध्ये न्यूयॉर्कजवळ एव्हियान्का या कोलंबियन कंपनीचं विमान कोसळलं, तेही इंधन संपून. इंधन संपत आल्याचं सहवैमानिकाने टॉवरला सांगितलं होतं. पण "आणीबाणी" हा ठरलेला शब्द वापरला नाही. रोज अनेक विमानं इंधनाची कुरकुर करतात, त्यात हे एक बसून गेलं. ७३ मृत्यू. अडचण सांगितली होती, पण सौम्य करून, आणि सौम्य बोलणं हे बहुधा खालच्या पायरीवरूनच होतं.

नदीकाठ

गंभीर चर्चेत थोडी वेगळी बाजू. मला बोलण्याच्या वेळेचं फार कुतूहल वाटतं. २००९ साली जगातल्या १० वेगवेगळ्या भाषांतलं बोलणं तपासलं गेलं. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सगळ्या भाषा मिळून सरासरी पाव सेकंदाच्या आसपास. एक शब्द मनात जुळवून तोंडातून निघायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर रचायला घेतलेलं असतं आणि त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अदमासही बांधलेला असतो.

म्हणूनच उशीर बोलका असतो. "उद्या येशील ना?" याला लगेच आलेलं "हो" आणि जरा थांबून आलेलं "हो" यांतला फरक कुणालाही कळतो. व्हिडिओ कॉलवर हाच गोंधळ होतो. उशीर नेटवर्कचा असतो आणि आपल्याला समोरचा काचकूच करतोय असं वाटतं.

माझी बहीण खुणांच्या भाषेत बोलते. तिच्या मित्रमंडळींत बसलं की एक गोष्ट स्वच्छ दिसते. तिथे नजर हटली की ऐकणं थांबलं. बोलणारा तिथल्या तिथे थांबतो, खांद्यावर टिचकी मारतो, नजर परत आली की पुढे सुरू. फोनकडे बघत "तू बोल, मी ऐकतोय" ही सोय त्या भाषेत नाही.

टिपणवही

नदीकाठ, तुमच्या शेवटच्या मुद्द्याला पुरावा आहे. मानसशास्त्रज्ञ जॅनेट बॅव्हलस आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रयोग केला. एकाने जिवावर बेतता बेतता टळलेला प्रसंग सांगायचा. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप भलतंच काम दिलं होतं : सांगणाऱ्याचे 'टी' अक्षराने सुरू होणारे शब्द मोजायचे. ते बारकाईने ऐकत होते, पण गोष्ट ऐकत नव्हते. परिणाम सांगणाऱ्यावर झाला. प्रसंग त्याचाच, तरी ऐन कळसाला तो अडखळू लागला, शेवट पुन्हा पुन्हा सांगू लागला, यात धोका कसा होता हे पटवत बसला. योग्य जागी "बापरे!" म्हणणारा माणूस समोर नसेल तर गोष्ट विस्कटते. ऐकणारा गोष्ट घडवण्यात अर्धा भागीदार असतो.

मोकळीक

टिपणवही, त्या आकड्यांबद्दल आभार, पुढच्या वेळी प्रशिक्षकांना नक्की विचारेन. एक प्रश्न : मग घरच्यांशीच सगळ्यात जास्त गैरसमज का होतात? परक्यापेक्षा ते आपल्याला जास्त ओळखतात ना?

सांजवेळ

मोकळीक, ओळखतात म्हणूनच! २०११ च्या एका अभ्यासात नवरा-बायकोंना पाठीला पाठ लावून बसवलं आणि दोन-तीन अर्थ निघतील अशी रोजची वाक्यं एकमेकांना सांगायला लावली. जोडीदाराचा अर्थ ओळखण्यात ते परक्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. सरस ठरू, अशी खात्री मात्र त्यांना होती. परक्याशी बोलताना आपण सावध असतो, संदर्भ देतो. घरी "ते तिकडचं बघ जरा" एवढ्यावर भागवतो.

दुसरं कारण नात्याचं. मानसशास्त्रज्ञ पॉल वॉट्झलाविक आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली मांडलं, की प्रत्येक बोलण्यात आशय असतो आणि आपल्या नात्याबद्दलचं एक विधानही असतं. "दिवा बंद केलास का?" हा परक्याच्या तोंडी साधा प्रश्न. घरच्याच्या तोंडी "तू नेहमीच विसरतेस" असा ऐकू येऊ शकतो. मग उत्तर दिव्याबद्दल न जाता त्या आरोपाला जातं, आणि विचारणाऱ्याला कळत नाही की एवढं चिडायला झालं काय. लेखी निरोपात तर सूरही नसतो. ईमेलमधलं वाक्य उपरोधाने लिहिलंय की गंभीरपणे, हे वाचणाऱ्याला ७८ टक्के वेळा कळेल असं लिहिणाऱ्यांना वाटलं. कळलं ५६ टक्के वेळा. नाणं उडवून ५० टक्के साधलं असतं. हा २००५ चा प्रयोग. "ठीक आहे." एवढाच मेसेज आला की त्याचा सूर आपण आपल्याच मनातून भरतो.

उंबरठा, तुमचा मुद्दा मला पूर्ण पटतो आणि त्यामुळे माझ्या म्हणण्याला एक जोड देते. खातरजमेचा पहिला प्रश्न वरच्या पायरीवरच्याने विचारायचा. ज्याच्या हाती निर्णय, त्याची ती जबाबदारी. अबोलीताईंच्या वाक्यात तेच आहे. आणि ते व्यक्तीच्या चांगुलपणावर सोडू नये, कामाच्या पद्धतीत बसवावं.

अबोली

तसं बसवलेलं आहे, सांजवेळ. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी तपासयादी आणली. त्यात छेद घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने स्वतःचं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं असतं. बाहेरच्याला हा उपचार वाटेल. पण एकदा आवाज फुटलेला माणूस पुढे काही खटकलं तर पुन्हा बोलतो, हे आम्ही बघतो. वेगवेगळ्या देशांतल्या ८ रुग्णालयांत ही पूर्ण यादी वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. त्यात इतरही तपासण्या आहेत, सगळं श्रेय नाव सांगण्याला नाही.

उंबरठा

सांजवेळ, हे मान्य. "पहिला प्रश्न वरच्याने विचारायचा" हे लिहून ठेवते.

पिंपळपान

उशिरा येतोय. माझा प्रश्न साधा आहे. वडिलांना कमी ऐकू येतं, यंत्र लावायला तयार नाहीत. फोनवर "हं, हं" करतात आणि नंतर कळतं की काहीच पोहोचलं नव्हतं. मोठ्याने पुन्हा पुन्हा सांगितलं की चिडतात. काय करावं?

टिपणवही

पिंपळपान, यावर एक उपयोगी अभ्यास आहे. २०१५ साली १२ भाषांतलं अनौपचारिक बोलणं तपासलं, तर सरासरी दर दीड मिनिटाच्या आत कुणीतरी "काय?", "कोण?", "उद्या ना?" असं विचारून बोलणं दुरुस्त करतं. म्हणजे न कळणं हे निरोगी बोलण्यातही सतत चालू असतं. वडिलांनी ती दुरुस्तीच सोडून दिलीय, कारण प्रत्येक "काय?" त्यांना लाजवतं.

त्याच अभ्यासात दिसलं, की जमेल तेव्हा माणसं "काय?" पेक्षा नेमका प्रश्न विचारतात. त्याने समोरच्याचं काम वाचतं, सगळं वाक्य पुन्हा म्हणावं लागत नाही. ते तुमच्या बाजूने सोपं करून द्या. आधी विषय सांगा : "बाबा, डॉक्टरांच्या वेळेबद्दल बोलतोय." तेवढं पोहोचलं की पुढचे शब्द ओळखायला सोपे जातात. मग एका वाक्यात एकच गोष्ट, आणि थांबा. मोठ्याने नको, सावकाश आणि जरा खालच्या पट्टीत, कारण वयोमानाने आधी उंच पट्टीतले आवाज जातात. शेवटी "ऐकू आलं का?" विचारू नका. "मग मी किती वाजता येऊ?" विचारा. वेळ बरोबर सांगितली तर पोहोचलं. चुकली तर फक्त वेळ पुन्हा सांगा, बाकीचं वाक्य नको.

अबोली

आणि पिंपळपान, व्हिडिओ कॉल करून बघा. तोंडावर उजेड येईल असे बसा. ओठ दिसले की बरंच भागतं. यंत्राचा विषय मात्र फोनवर काढू नका, समोर बसून काढा.